रिपोर्ट सगळे नॉर्मल, अंगात त्राण नाही. व्यायाम वाढवू की थांबवू?

अर्धीझोप:
नमस्कार मंडळी. आडवी पडूनच टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या.

सव्वा वर्षापूर्वी ताप आला, घसा सुजला, मानेत गाठी आल्या. एपस्टाइन-बार विषाणू निघाला. तीन आठवड्यांत ताप उतरला, थकवा मात्र राहिला तो राहिलाच. मी गणित शिकवते. फळ्यावर समीकरण मांडता मांडता मधली पायरीच डोक्यातून निसटते. मुलं सांगतात, "मॅडम, ऋण चिन्ह राहिलं."

थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर, यकृत, सगळं तपासून झालं, सगळं नॉर्मल. पाचव्या डॉक्टरांनी 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' (दीर्घकाळ न जाणाऱ्या थकव्याचा आजार) लिहिलं आणि फिजिओथेरपीला पाठवलं. तिथून तक्ता मिळाला: ट्रेडमिलवर १० मिनिटं, दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवायची, थकवा आला तरी वेळ कमी करायची नाही.

गंमत म्हणजे चालते त्या दिवशी मी बरी असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग मोडून येतं, घसा पुन्हा दुखतो, जिना चढताना मध्येच बसावं लागतं. सासूबाई म्हणतात, सवय मोडलीय म्हणून होतं. नवरा काहीच म्हणत नाही, ते जास्त बोचतं.

तर कारण सापडलंय का? औषध आहे का? आणि हा तक्ता चालू ठेवू का?

जुनी_पेट्रीडिश:
तिसऱ्याचं उत्तर आधी. तक्ता थांबवा, आणि का थांबवलात ते डॉक्टरांना तुम्ही इथे लिहिलंय तसंच्या तसं सांगा. श्रम आज आणि फटका परवा, हीच या आजाराची मुख्य खूण. साध्या थकव्यात विश्रांती घेतली की माणूस भरून येतो, आपलं तसं होत नाही. सायकलवर लागोपाठ दोन दिवस प्राणवायूचा वापर मोजण्याची एक चाचणी असते. पहिल्या दिवशी आपले आकडे पुष्कळदा ठीकठाक दिसतात, दुसऱ्या दिवशी घसरतात. एकाच दिवशी मोजणाऱ्याला आपण आळशी वाटणार, दुसरं काय.

आता माझं पुराण. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते, २००८ पासून आजारी. ऑक्टोबर २००९ मध्ये 'सायन्स'मध्ये शोधनिबंध आला: १०१ रुग्णांपैकी ६७ टक्क्यांच्या रक्तपेशींत एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू, निरोगी लोकांत जेमतेम ४ टक्के. मी तो छापून उशाखाली ठेवला होता. खरंच उशाखाली! विषाणू म्हणजे शत्रूला नाव मिळालं, आणि नाव मिळालं की औषध येणारच, असा माझा हिशेब. पुढे इतर प्रयोगशाळांना तो सापडेना. शेवटी कळलं, की तो माणसांत पसरलेला विषाणू नव्हताच. प्रोस्टेट कर्करोगाची गाठ उंदरांत वाढवत असताना उंदरांच्याच दोन विषाणूंचे तुकडे जुळून तो तयार झाला आणि पेशींच्या नमुन्यांबरोबर प्रयोगशाळांत फिरत राहिला. डिसेंबर २०११ मध्ये 'सायन्स'ने निबंध मागे घेतला. पीसीआरमध्ये भेसळ कशी शिरते ते मी स्वतः नव्या मुलांना शिकवायचे, आणि उशाखाली काय, तर भेसळ.

त्याच २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनची पेस चाचणी आली. ६४१ रुग्ण. निष्कर्ष असा की टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम आणि समुपदेशन यांनी फायदा होतो. तुमचा तक्ता त्याच वळणाचा आहे. मला असाच तक्ता मिळाला होता आणि मी तो आज्ञाधारकपणे पाळला. सुरुवातीला अर्धवेळ कामावर जात होते. चार महिन्यांत आंघोळीला स्टूल लागायला लागलं. ते स्टूल अजून आहे.

पुढे २०१६ मध्ये न्यायाधिकरणाच्या आदेशाने त्या चाचणीची आकडेवारी बाहेर आली. शारीरिक क्षमतेच्या मोजपट्टीवर ६५ किंवा कमी गुण असले की आजारी म्हणून प्रवेश, आणि शेवटी ६० मिळाले की त्या निकषापुरता माणूस बरा! म्हणजे ६५ चा ६० झाला तरी उत्तीर्ण. तुम्ही गणिताच्या, तुम्हीच बघा. मूळ आराखड्यातल्या निकषांनी पुन्हा मोजल्यावर 'बरे झालेले' २२ टक्के खाली येऊन व्यायामाच्या गटात ४ आणि समुपदेशनाच्या गटात ७ टक्के उरले. उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्याच नाइस या संस्थेने २०२१ मध्ये ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवण्याचा सल्ला काढून टाकला. तुमच्या फिजिओंपर्यंत ते पोचलेलं दिसत नाही.

औषधांचं म्हणाल तर रिटुक्सिमॅबची गोष्ट ऐका. नॉर्वेत ३० जणांच्या छोट्या चाचणीत औषध मिळालेल्यांपैकी दोन तृतीयांश सुधारले. १५१ जणांच्या मोठ्या चाचणीत, २०१९ मध्ये, औषध मिळालेल्यांपेक्षा औषधाविना सलाइन मिळालेलेच थोडे जास्त सुधारले. तेव्हापासून छोट्या चाचणीची बातमी आली की मी ती वाचते आणि घडी घालून ठेवते. उशाखाली नाही.

सडेतोड:
राग मानू नका, पण एवढ्या तपासण्या नॉर्मल म्हणजे मूळ मनात आहे. झोपून राहिलं की शरीर गंजतं. पहाटे उठा, प्राणायाम करा, मोबाइल बाजूला ठेवा. मी स्वतः नैराश्यातून असाच बाहेर आलोय.

जुनी_पेट्रीडिश:
सडेतोड, तुम्ही बाहेर आलात याचा मनापासून आनंद आहे. पण नैराश्यात व्यायामाने पुष्कळांना बरं वाटतं आणि आपल्याकडे परवा घसा सुजतो. एकच औषध दोन्हीकडे कसं लावायचं?

'मनात आहे' हेही नवीन नाही. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात जवळजवळ ३०० कर्मचारी अशा आजाराने पडले. पंधरा वर्षांनी दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुनी कागदपत्रं चाळून निकाल दिला: सामूहिक उन्माद. एकही रुग्ण न तपासता! त्यांचा एक मुद्दा तर हा, की आजारी पडलेल्यांत बायका जास्त. उलट ऑस्ट्रेलियात डब्बो गावी २५३ जणांना संसर्ग झाल्यापासूनच गाठून पाहिलं, तेव्हा सहा महिन्यांनी ११ टक्के जणांत या आजाराचे सगळे निकष जुळले. कोणाला होणार हे मूळ आजार किती जोराचा होता त्यावर ठरलं, स्वभावावर नाही.

ताठ_उभी:
पेट्रीडिशताई, इतिहास झाला, आता अर्धीझोपताईंना हाताशी काहीतरी द्या ना! मी देते. दहा मिनिटं आडवं पडून नाडी आणि रक्तदाब मोजा. मग भिंतीला पाठ टेकून दहा मिनिटं उभ्या राहा आणि दर मिनिटाला मोजा. जवळ कोणीतरी हवंच, चक्कर येते. नाडी ३० किंवा जास्त वाढून तशीच राहिली तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. आपल्यापैकी पुष्कळांना हा उभं राहण्याचा त्रास असतो, आणि त्यावर उपाय आहेत: जास्त पाणी, जास्त मीठ (रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नको), घट्ट मोजे, गरज पडली तर औषध. मूळ आजार जात नाही. पण मी आता उभ्याने दात घासते, हे आपल्यातल्यांनाच कळेल.

नाल्ट्रेक्सोन या (एरवी व्यसनमुक्तीसाठी देतात त्या) औषधाचा छोटा डोसही काही जण घेतात. मला झोप थोडी बरी लागते. दुसऱ्या दोघींना काही झालं नाही.

जुनी_पेट्रीडिश:
बरोबर आहे, कारणाचंही राहिलंच. ऑगस्ट २०२५ मध्ये डिकोडएमई या अभ्यासाचे निष्कर्ष आले: १५,५७९ रुग्णांची जनुकं, आणि हा आजार नसलेल्या लोकांपेक्षा वेगळे दिसलेले ८ भाग. त्यातली काही जनुकं प्रतिकारशक्तीशी आणि काही मज्जासंस्थेशी संबंधित आहेत. यातून निदानाची चाचणी निघालेली नाही, औषध तर दूरच. पण हा आकडा १०१ चा नाही, आणि तुमच्या-माझ्यासारख्यांनी घरून लाळेचे नमुने पाठवून तो उभा केला. पीसीआरवर हात बसलेली बाई म्हणून सांगते, हा मला पटतो.

अर्धीझोप:
काल मोजलं. आडवी असताना ७४, उभी राहिल्यावर दहाव्या मिनिटाला ११२. नवरा घड्याळ घेऊन समोर बसला होता. सातव्या मिनिटाला म्हणाला, "पुरे, बस आता." मी म्हटलं, तीनच राहिलीत. माझे पाय जांभळे झालेले त्यानेच आधी पाहिले. आकडे त्याच्याच अक्षरात आहेत, गुरुवारी डॉक्टरांकडे तोही येतोय.

ट्रेडमिल बंद. वर्गात खुर्चीवर बसून शिकवायला मुख्याध्यापिकांनी होकार दिलाय. फळ्यावर एक मुलगा लिहितो, ऋण चिन्हं आता तो सांभाळतो.