मदत हवी आहे: काचा धुवायला शुद्ध पाणी कुठून आणावं आणि कसं साठवावं?

नमस्कार मंडळी,

पुण्याजवळ वाघोलीत माझा आणि धाकट्या भावाचा काचा धुण्याचा छोटा व्यवसाय आहे. शोरूम, दोन-तीन मजली ऑफिसं, बंगले अशी कामं असतात. पाच वर्षं शिडी, साबणपाणी आणि वायपर यावरच चाललं होतं. दिवाळीनंतर कर्ज काढून वॉटर-फेड पोल घेतला. म्हणजे लांब हलका दांडा, टोकाला ब्रश आणि दांड्यातून वर जाणारी पाण्याची नळी. माणूस जमिनीवर उभा राहून तिसऱ्या मजल्याची काच धुतो. मागच्या वर्षी भाऊ शिडीवरून घसरला, थोडक्यात वाचला. तेव्हापासून तो कामावर निघाला की आईच्या जिवाला घोर. पोल घेण्याचं खरं कारण ते आहे, म्हणून तो सोडून पुन्हा शिडीवर जायची माझी तयारी नाही.

अडचण पाण्याची आहे. या पद्धतीत काच पुसत नाहीत, ओलीच सोडतात. पाणी उडून जातं आणि त्यात विरघळलेले क्षार काचेवर राहतात. हे मला ऐकून माहीत होतं, पण त्याचं गांभीर्य फेब्रुवारीत कळलं. एका मोठ्या शोरूमची दर्शनी काच आम्ही टँकरच्या पाण्याने धुतली. दुपारची वेळ, ऊन थेट काचेवर. अर्ध्या तासात काचभर पांढरे ठिपके. मालकांनी निम्मे पैसे कापले, आणि मी त्यांना दोष देत नाही, कारण काच आधीपेक्षा वाईट दिसत होती. पुढचे दोन दिवस आम्ही दोघं पातळ केलेलं व्हिनेगर घेऊन शिडीवर होतो.

त्यानंतर टीडीएस मीटर (लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारं) घेतलं आणि हाताला लागेल ते पाणी मोजत सुटलो. टँकर ७८०. आमच्या गाळ्यामागची बोअर १०४०. (या बोअरच्या पाण्यात आमच्याकडे डाळसुद्धा शिजत नाही.) मामेभाऊ पेठेत राहतो, त्याच्या महापालिकेच्या नळाचं पाणी ९०. घरच्या आरओचं ७०. लग्नकार्यात येतो तो वीस लिटरचा जार ५५. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर १. काचेवर डाग नको असतील तर आकडा १० च्या आत हवा, असं पोल विकणाऱ्याने सांगितलं होतं. तसं करून बघितलं. एकाच काचेच्या तीन पट्ट्या तीन पाण्यांनी धुतल्या. डिस्टिल्डची पट्टी स्वच्छ, जारच्या पट्टीवर उजेडात तिरकं बघितलं की फिकट ठिपके, टँकरचं तर विचारूच नका.

आमची गरज दिवसाला चारशे ते साडेचारशे लिटर आहे. ब्रशमधून मिनिटाला पावणेदोन लिटरच्या आसपास पाणी जातं आणि प्रत्यक्ष धुणं चार तास चालतं. बॅटरीचं पाणी इतकं विकत घेणं परवडत नाही. एमआयडीसीत डीएम वॉटर, म्हणजे क्षार काढलेलं पाणी, कॅनमध्ये मिळतं, पण आणायला अर्धा दिवस जातो आणि एका पुरवठादाराच्या सीलबंद कॅनमध्ये मीटरने ४० दाखवलं. एक विक्रेता सांगतो, सॉफ्टनर बसवा, काम झालं. दुसरा सांगतो, फक्त रेझिनचं (क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचं) सिलिंडर पुरे. कोणावर विश्वास ठेवू?

दुसरा प्रश्न साठवणीचा. गाळ्याच्या पत्र्यावर हजार लिटरची पांढरी टाकी आहे, ती चालेल का? गाडी छोटा हत्ती आहे. त्यात हजार लिटरची टाकी बसवून दोन दिवसांचं पाणी एकदम न्यावं असं भावाचं म्हणणं आहे. आणि इतकं शुद्ध पाणी किती दिवस टिकतं?

ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा. एक चूक आम्हाला महाग पडली आहे, दुसरी परवडणार नाही.

— काचवाला

बॉयलरकाका:

मी एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसला डीएम प्लांट सांभाळला. तुमचं काम लहान आहे, पण पाण्याचं शास्त्र तेच.

आधी सॉफ्टनरचं. सॉफ्टनर पाण्यातला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढतो आणि त्या जागी सोडियम सोडतो. साबणाला फेस येईल, गिझरमध्ये थर बसणार नाही, पण तुमचं मीटर ७८० च्या आसपासच राहील आणि काचेवर डाग पडतीलच. तो विक्रेता खोटं बोलत नसेल, त्याला तुमचं काम समजलेलं नाही.

आता रेझिनचं गणित नीट बघा, कारण पैसे इथेच जातात. मिक्स्ड बेड रेझिन (दोन प्रकारचे दाणे एकत्र केलेलं) एका लिटरला साधारण अर्धा इक्विव्हॅलंट क्षार धरतं; इक्विव्हॅलंट हे क्षार मोजायचं माप, त्याचा हजारावा भाग मिलिइक्विव्हॅलंट. दहा लिटरचं सिलिंडर घेतलंत तर पाच. तुमच्या ७८० च्या पाण्यात लिटरला साधारण १५-१६ मिलिइक्विव्हॅलंट क्षार आहेत. म्हणजे सव्वातीनशे लिटर पाणी झालं की रेझिन संपलं, तुमचा एक दिवसही भागला नाही. तेच पाणी आधी आरओमधून काढा. चांगला मेंब्रेन, म्हणजे आरओमधला गाळणारा पडदा, ९५ ते ९८ टक्के क्षार अडवतो, म्हणजे बाहेर २०-२५ चं पाणी येईल. त्यावर तेच दहा लिटर रेझिन दहा हजार लिटरला पुरेल. तुमचे तीन आठवडे झाले. म्हणून आधी आरओ, मागे रेझिन. दोन्ही हवेत, याच क्रमाने.

घरगुती आरओ मात्र नको. तासाला दहा-पंधरा लिटर देतो, आणि चव यावी म्हणून त्यात थोडं कच्चं पाणी मुद्दाम परत मिसळलेलं असतं. तुमच्याकडचा ७० चा आकडा तिथून येत असणार. तासाला अडीचशे लिटरचा छोटा व्यावसायिक प्लांट घ्या, दोन तासांत दिवसाचं पाणी होईल. मेंब्रेनच्या आधी वाळू आणि कार्बनचे फिल्टर असू द्या, क्लोरीन मेंब्रेनला खातो. तुमचं पाणी जड आहे, म्हणून सोबत अँटीस्केलंटचा (थर बसू न देणाऱ्या रसायनाचा) डोस किंवा सॉफ्टनरही हवा. सॉफ्टनरची खरी जागा ही, मेंब्रेनच्या आधी. आणखी एक सवय लावा. प्लांट बंद असताना क्षार मेंब्रेनमधून हळूहळू पलीकडे झिरपतात, त्यामुळे सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं आकडा चढलेला असतो. ते पाणी रेझिनवर घालू नका, सोडून द्या.

शेवटचं आणि महत्त्वाचं: सिलिका, म्हणजे दगडातून पाण्यात विरघळणारा वाळूचाच घटक. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्यात ती असतेच. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं, आणि सिलिका त्याला जवळजवळ दिसत नाही. रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी सिलिकाच निसटते. मीटर २-३ दाखवत असतं आणि काचेवर दुधी झाक येऊ लागते, जी व्हिनेगरनेही जात नाही. कारखान्यात आम्ही सिलिका वेगळी तपासायचो. तुम्ही एवढंच करा, आकडा १० ला पोचायची वाट बघू नका, ३-४ दिसायला लागला की रेझिन बदला. पाण्याला माशासारखा वास आला तर रेझिन केव्हाच संपलंय असं समजा.

काचवाला:

काका, हे कागदावर उतरवून गाळ्यात लावलं. आरओचं वाया जाणारं पाणी कुठे घालू? झाडांना चालेल का? आणि पेठेतलं ९० चं नळाचं पाणी थेट रेझिनवर घातलं तर आरओ वाचेल ना?

बॉयलरकाका:

निम्मं पाणी बाहेर गेलं तर त्यातले क्षार दुप्पट होतात, म्हणजे तुमच्याकडे दीड हजारांच्या पुढे. झाडांना अजिबात नको, जमीन खारवते. गाडीची चाकं, फरशी, संडास यांना वापरा. नळाच्या पाण्यावर दहा लिटर रेझिन पावणेतीन हजार लिटर चालेल, आठवडा निघेल. पण ते घरगुती जोडणीचं पिण्याचं पाणी आहे, त्यावर धंदा करू नका. उन्हाळ्यात कपात लागली की तुमच्या मामेभावालाच त्रास होईल.

सोलापूर सोलर:

आम्ही सोलर पॅनल धुतो, दुखणं तुमच्यासारखंच. काका पाणी तयार करण्याबद्दल बोलले, मी साठवणीबद्दल सांगतो.

पत्र्यावरची पांढरी टाकी पहिली काढा. पांढऱ्या टाकीतून उजेड आत जातो आणि शेवाळ धरतं. या पाण्यात क्लोरीन उरलेला नसतो, त्यामुळे जंतूंना मोकळं रान. एप्रिलमध्ये पत्र्यावर ते पाणी अंघोळीसारखं कोमट होतं, आणि अशा साचलेल्या कोमट पाण्यात लिजनेला नावाचा जंतू वाढतो. तुमच्या ब्रशमधून तुषार उडतात, ते श्वासातून तुमच्याच माणसांच्या फुप्फुसात जातात. याला हलकं घेऊ नका, दादा.

काळी किंवा तीन थरांची प्लास्टिकची टाकी, सावलीत, घट्ट झाकणाची. सिमेंटची टाकी नको, चुना विरघळून आकडा वाढतो. लोखंडी, जीआय, पितळेचे जोडही टाळा, शुद्ध पाणी त्यांना खातं. टाकीत आरओचं पाणी ठेवा आणि रेझिनमधून गाडी भरतानाच काढा. म्हणजे टाकीत काही थोडं मिसळलं तरी शेवटी निघून जातं. बाकी शुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतं, त्यामुळे रात्रीतून ० चा १ किंवा २ झाला तर घाबरू नका, त्याचा डाग पडत नाही.

किती दिवस? आम्ही दोन दिवसांच्या वर ठेवत नाही. काम बंद राहणार असेल तर गाडीची टाकी आणि नळ्या रिकाम्या करतो. महिन्यातून एकदा टाकी घासून, पाचशे लिटर पाण्यात पाच टक्क्यांचं हायपोक्लोराइट (जंतू मारणारं क्लोरीनचं द्रावण) अर्धा लिटर घालून तासभर ठेवतो, मग सगळं काढून दोनदा धुतो. हे पाणी चुकूनही मेंब्रेन किंवा रेझिनकडे जाऊ देऊ नका.

आता भावाला समजवा. हजार लिटर म्हणजे एक टन, आणि छोटा हत्ती पाऊण टनाची गाडी. त्यात टाकीचं वजन, पंप आणि तुम्ही दोघं. पाचशे लिटरच्या वर जाऊ नका. अर्धी भरलेली टाकी तर भरलेल्यापेक्षा वाईट, ब्रेक मारला की सगळं पाणी पुढे धावतं. आत आडव्या पट्ट्या असलेली टाकी घ्या आणि ती चासीला बोल्टने आवळा. दोरीने बांधलेली टाकी वळणावर सरकून आमची गाडी एका बाजूला कलली होती. नशिबाने वेग कमी होता.

गच्चीवरची ताई:

पावसाच्या पाण्याचा विचार केलात का? माझ्या मीटरवर पहिले दोन-तीन पाऊस सोडून दिल्यावर गच्चीचं पाणी १५-२० येतं. हजार चौरस फुटांच्या पत्र्यावर एक इंच पाऊस पडला की दोन हजार लिटरच्या वर पाणी उतरतं. गाळून थेट रेझिनवर घालता येईल, आरओ चालवायलाच नको.

काचवाला:

ताई, हे डोक्यातही नव्हतं. पावसाळ्यात कामं निम्मी होतात, पण जी असतात त्यांना हे पाणी पुरेल. पत्र्याला पन्हळ लावून घेतो.

काचवाला (पाच आठवड्यांनी):

सगळ्यांचे मनापासून आभार. अडीचशे लिटरचा प्लांट जुना पण नवीन मेंब्रेन टाकलेला मिळाला. आत ७६०, आरओनंतर २४, रेझिननंतर ०. काळी टाकी गाळ्याच्या आत उत्तरेच्या भिंतीला ठेवली, गाडीत पाचशेची बसवली. टँकर आला की पाइप जोडायच्या आधी मीटर बुडवतो. मागच्या आठवड्यात एक टँकर १३५० चा निघाला. बोअर खाली गेल्यात, असं चालक म्हणाला. तो परत पाठवला.

त्या शोरूमच्या मालकांना जाऊन भेटलो आणि एक काच फुकट धुऊन दाखवतो म्हटलं. ती उन्हात वाळेपर्यंत ते शेजारी उभे राहिले. सोमवारी बाकीच्या अकरा काचा धुवायला बोलावलंय.

काका, एक विचारायचं राहिलं. वापरलेलं रेझिन टाकून द्यायचं, की कोणी रिजनरेट (पुन्हा वापरण्याजोगं) करून देतं? पुणे-चाकण भागात कोणाला अनुभव असेल तर सांगा.