मैलागाडीचा परवाना: फी नेमकी कुठं कुठं? (कोल्हापूर)

प्रश्न: जुन्या टिपरच्या चासीवर ४,००० लिटरची टाकी आणि व्हॅक्यूम पंप बसवायचाय. परवान्याची फी एकदाच लागते का?

उत्तर १: दोन खाती, दोन हिशेब. मैला उपसायची परवानगी महापालिकेची. फी गाडीमागं की वर्षाला, अनामत वेगळी का, हे लेखी घ्या. आरटीओचं वेगळं. बॉडी बदलायच्या आधी मंजुरी, मोटार वाहन कायदा कलम ५२. आरसीवर टिपर आणि दारात टँकर, मग फिटनेस अडकणारच. भरलेला मालच चार टन, त्यामुळं मालवाहतुकीचं परमिटही लागणार. परमिटमधून वजनावरची सूट ३,००० किलो एकूण वजनापर्यंतच.

उत्तर २: भावा, फीपेक्षा पंप महागात जातोय. टाकी गळ्यापर्यंत भरू नका. फ्लोट बॉल (टाकी भरली की पंपाकडची वाट बंद करणारा तरंगता गोळा) चिकटला की मैला थेट पंपात, आणि पाती घासून व्हॅक्यूमच धरत नाही. ट्रॅप (पंपाच्या आधी ओल अडवणारं भांडं) रोज रिकामा करा.

उत्तर ३: मैला कुठं रिकामा करणार ते आधी ठरवा. जयंती नाल्यात सोडलं की थेट पंचगंगेत. आणि सुरक्षासाधनांशिवाय माणूस सेप्टिक टाकीत उतरवला तर हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.