तिहाई म्हणजे तिसरा हिस्सा. मग सोळा मात्रांत ती बसते कशी?

प्रश्न (फोंडा):
माझी मुलगी तबल्याच्या परीक्षेची तयारी करीत आहे. तिच्या वहीत ‘एखादा बोलसमूह तीन वेळा वाजवून समेवर येणे म्हणजे तिहाई’ अशी व्याख्या लिहिलेली आहे (सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, आणि मात्रा म्हणजे ताल मोजण्याचा एकेक ठोका). परंतु हिंदी बातम्यांत ‘दो तिहाई बहुमत’ असे ऐकतो, तेव्हा तिहाईचा अर्थ एक तृतीयांश असा असतो. मग तीनदा वाजणाऱ्या सबंध रचनेला एका हिश्शाचे नाव कसे मिळाले? शिवाय त्रितालाच्या सोळा मात्रांना तिनाने भाग जात नाही, तरीही तिहाई बिनचूक समेवर कशी येते? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर (म्हापसा):
शब्द हिंदीच आहे आणि त्याचे मूळ संस्कृत ‘त्रिभाग’मध्ये आहे. भागाचे नाव पुढे सबंध रचनेला चिकटले, एवढेच. काही वादक हिलाच ‘तिय्या’ म्हणतात, त्यात हिश्शाचा मागमूसही नाही. म्हणून नावातला ‘तीन’ तेवढा धरावा आणि ‘हिस्सा’ सोडून द्यावा, असे माझे मत आहे.

उत्तर (मडगाव):
भागाकाराची अडचण वाटते, कारण आपण सोळाच मात्रा मोजतो. तिहाईचा शेवटचा ‘धा’ पुढच्या आवर्तनाच्या, म्हणजे तालाच्या पुढच्या फेरीच्या, समेवर पडत असल्यामुळे, समेपासून उचललेल्या एका आवर्तनाच्या तिहाईसाठी सतरा मात्रा धराव्या लागतात. ‘धा’वर संपणारा पाच मात्रांचा बोल घेऊन दोन बोलांमध्ये एकेक मात्रा थांबले, की पंधरा आणि दोन मिळून सतरा होतात. ‘धा’ पाचव्या मात्रेवर, अकराव्या मात्रेवर आणि मग समेवर येतो. तिहाई ‘खाली’पासून, म्हणजे टाळी न देण्याच्या नवव्या मात्रेपासून उचलली, तर समेसह नऊ मात्रा मिळतात आणि ‘तिट कत धा, तिट कत धा, तिट कत धा’ हा तीन मात्रांचा बोल कोठेही न थांबता चपखल बसतो. मधल्या विश्रांतीला ‘दम’ म्हणतात. हा मुळात श्वास या अर्थाचा फारसी शब्द असून ‘दम घेणे’ आपणही रोज म्हणतो. विश्रांती असली तर तिहाई दमदार, नसली तर बेदम. दहा मात्रांच्या झपतालात समेपासून अकरा मात्रा होतात, तेथे तीन मात्रांचा बोल आणि एकेका मात्रेचा दम असा हिशेब जमतो. बारा मात्रांच्या एकतालाचा हिशेब मुलीलाच करू द्यावा. पाठ केलेल्या तिहाया परीक्षेत ऐन वेळी दगा देतात. तिहाईयुक्त बोल सबंधच तीन वेळा वाजवला की चक्रदार होतो आणि अखेरचा ‘धा’ एकूण नऊ वेळा ऐकू येतो.

उत्तर (पणजी):
वरील हिशेब अचूक आहे, पण वहीतली व्याख्या थोडी अपुरी आहे, हे नमूद करणे आवश्यक वाटते. ख्याल गाताना तिहाई प्रत्येक वेळी समेवरच संपते असे नाही. बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, नवव्या मात्रेपासून उठत असेल, तर गायक आठव्या मात्रेवर तिहाई संपवून लगेच मुखडा उचलतो. तेथे शेवटचा आघात समेवर नसल्यामुळे आठच मात्रा मोजाव्या लागतात, आणि दोन मात्रांचा बोल व एकेका मात्रेचा दम घेतला की त्या भरतात. गोव्यात तरी लयीच्या हिशेबाचे वावडे असू नये. हातापायांनी एकाच वेळी निरनिराळे ताल धरणारे म्हणून ख्याती पावलेले लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर याच मातीतले. मात्र हल्लीच्या मैफलींत दर चार आवर्तनांनी तिहाई आणि तिच्यावर टाळ्या, असा जो प्रकार चालतो, तो मला रुचत नाही. समेची ओढ आधी लयीतून आणि स्वरांतून निर्माण व्हायला हवी.

प्रश्नकर्ता (फोंडा):
सर्वांचे मनःपूर्वक आभार. एकतालात तेरा मात्रा धरून मुलीने तीन मात्रांचा बोल आणि दोन-दोन मात्रांचा दम असे उत्तर काढले आहे. मुखड्याच्या तिहाईविषयी तिच्या गुरुजींना विचारतो.