सिरॅमिक ग्रिलच्या आत बुरशी आलीये, काय करू?

मंदआच:
आमच्याकडे कोळशावरचा सिरॅमिक ग्रिल आहे, तो अंड्याच्या आकाराचा कामाडो म्हणतात तो. मागच्या वेळी वापरून झाल्यावर नेहमीसारखी वरची खालची दोन्ही व्हेंट (हवेची झडपं) बंद करून विझवला, मग पावसाळी हवा लागली आणि कव्हर घालून तसाच राहिला बरेच आठवडे. आज झाकण उघडलं तर जाळीवर पांढरी-हिरवट लव, उरलेल्या कोळशावर पण तीच, गास्केटवर (झाकणाच्या कडेची सील करणारी पट्टी) काळे ठिपके आणि असा कोंदट वास आला की मी मागेच सरले. झाकणाच्या आतून काळे पापुद्रे पण सुटतायत, ती पण बुरशीच का? साबणाच्या पाण्याने घासून काढावा म्हणते, ब्लीच वापरलं तर चालेल का? आणि मुख्य म्हणजे यावर परत काही भाजून खाणं सुरक्षित आहे ना, घरात लहान मुलं आहेत.

राखाडी:
ताई साबण नको, आणि ब्लीच तर अजिबात नको. आतलं सिरॅमिक सच्छिद्र असतं, जे लावाल ते शोषून घेतं आणि पुढच्या वेळी तापलं की तेच वासातून, चवीतून बाहेर येतं. याच्यावर उपाय म्हणजे आग, ग्रिल रिकामा ठेवून कडक तापवायचा.

आधी मास्क आणि हातमोजे घाला आणि सगळं उघड्यावर करा. बुरशी कोरडी असताना घासायला जाऊ नका, बीजाणू उडून नाकातोंडात जातात. जुना कोळसा आणि राख हलक्या हाताने पिशवीत भरून टाकून द्या. जाळी आतच राहू दे, ती पण तापायला हवी. मग नवीन कोरडा कोळसा पेटवा पण लगेच भडकवू नका, हे महत्त्वाचं आहे. इतके दिवस ओल धरलेलं सिरॅमिक एकदम तापवलं तर आतल्या पाण्याची वाफ होऊन तडा जाऊ शकतो. म्हणून व्हेंट थोडीशीच उघडी ठेवून तासभर १००-१२० डिग्री सेल्सियसच्या आसपास राहू द्या, मग हळूहळू वाढवत ३०० ते ३५० पर्यंत न्या आणि तिथे अर्धा-पाऊण तास ठेवा.

आता कोणी म्हणेल एवढं कशाला, बुरशी तर ६०-७० डिग्रीलाच मरते. मरते, बरोबर आहे, पण काही बुरशींची विषं साध्या स्वयंपाकाच्या उष्णतेला दाद देत नाहीत, आणि ती ज्या चरबीवर वाढली ती चरबी जागेवर राहिली तर ती परत येणारच. सगळं जळून राख झालं पाहिजे. नंतर व्हेंट बंद करून आपोआप गार होऊ द्या, पाणी मारू नका. गार झाल्यावर ब्रशने घासा, राख काढा, आणि पहिल्यांदा भाजायच्या आधी परत एकदा नीट तापवून घ्या. मग मुलांना खुशाल खायला द्या.

पापुद्र्यांचं म्हणाल तर ती बुरशी नाही, काजळी आणि जळलेली चरबी आहे. बुरशी केसाळ, लवलवीत दिसते आणि कोंदट वास मारते, हे पापुद्रे बोटाने चुरडले की कोरडे काळे तुकडे होतात. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा करून घासा, निघतील.

जाळीवाला:
राखाडींचं बाकी सगळं पटलं, कोळसा फेकायचं नाही पटलं. बुरशी आलेला कोळसा या जाळण्याच्या कामाला वापरता येतो की, आत खायचं काही नसतंच आणि बुरशी कोळशाबरोबर जळून जाते. फक्त तो वाळलेला हवा, ओला असेल तर नुसता धुमसत बसतो आणि तापमान चढतच नाही. त्याच्यावर अन्न मात्र नको.

दोन गोष्टी अजून. गास्केट फेल्टची असेल तर एवढ्या उष्णतेत करपू शकते, त्यामुळे तापवून झाल्यावर डाग राहिले किंवा ती भुसभुशीत वाटली तर सरळ बदला, ती बदलता येते. आणि ग्रिल एवढा तापलेला असताना झाकण एकदम उघडू नका!! आधी बोटभर उघडून काही सेकंद थांबा, आत हवा शिरू द्या, मगच पूर्ण उघडा. नाहीतर प्राणवायू एकदम मिळाला की आगीचा लोळ थेट तोंडावर येतो.

राखाडी:
कोळसा वाळलेला असेल तर हरकत नाही, पण इथे पावसाळी हवेत आठवडे पडून राहिलेला आहे म्हणून मी टाकाच म्हणालो. झाकणाचं लिहिलंत ते फार बरं झालं.

उबदार:
जाळून टाकणं जमेल हो, पण मूळ कारण तसंच राहिलं तर पुढच्या दमट हवेत परत हेच. व्हेंट बंद करून विझवणं बरोबरच आहे, उरलेला कोळसा वाचतो. गडबड होते ती गार झाल्यानंतरही ते बंदच राहतात तिथे. अन्नातलं पाणी, कोळशातली ओल, शिवाय जळताना वाफ तयार होते ती वेगळीच, हे सगळं आत कोंडतं, सिरॅमिक गार झालं की आतून घाम फुटतो, आणि चरबी तर जाळीवर असतेच. बुरशीला अजून काय पाहिजे.

मी असं करते, भाजून झालं की लगेच बंद करत नाही, १५-२० मिनिटं मोठ्या आचेवर जाळी जळू देते, ब्रश मारते आणि मग व्हेंट बंद. चरबी पडायचं भांडं गार झालं की त्याच दिवशी रिकामं करून धुते, बुरशीची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते. आणि ग्रिल पूर्ण गार झाल्यावर (हात लावून बघायचं, उरलेला कोळसाही विझलेला हवा) वरची खालची दोन्ही व्हेंट थोडी उघडी ठेवते म्हणजे हवा खेळती राहते. हे छप्पर असेल तरच हां, उघड्यावर असेल तर वरून पाऊस आत जाईल, तिथे वर टोपी बसवा आणि खालचं व्हेंट उघडं ठेवा. कोमट असताना कव्हर कधीच घालू नये, सगळी वाफ आतच राहते. बरेच दिवस वापर होणार नसेल तर कोळसा काढून कोरड्या बंद डब्यात ठेवा, तो हवेतली ओल ओढून घेतो. मध्येमध्ये रिकामाच पेटवला तरी चांगलं.

मंदआच:
सगळ्यांचे मनापासून आभार. कोळसा टाकला, आधी हळू आणि मग कडक तापवला, वास पूर्ण गेला, लवीचा मागमूस नाही. गास्केटचे डाग राहिलेत आणि दाबली तर तुकडे पडतात, तेव्हा ती बदलतेय. फक्त बिडाची जाळी जळून कोरडी पडली आणि तिच्यावर गंज दिसतोय, ती टाकून द्यायची का?

जाळीवाला:
टाकू नका, वरवरचा गंज आहे. घासून काढा, पुसून पूर्ण कोरडी करा, तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि ग्रिलमध्ये २०० डिग्रीच्या आसपास तासभर ठेवा. काळसर चमक येईपर्यंत दोनतीनदा करावं लागेल. तारेचा ब्रश वापरलात तर नंतर ओल्या फडक्याने पुसून तुटलेली तार अडकली नाही ना ते बघा, मुलांच्या घशात जायला नको.