कॅनिंगच्या हंगामाआधी क्लाउडवर जावे का, आणि जुन्या संगणकांचे काय करावे?

प्रश्न (रत्नागिरी)

नमस्कार. आमचा आंब्याचा रस डबाबंद करण्याचा कारखाना मिरजोळे औद्योगिक वसाहतीत असून हिशेबाचे कार्यालय शहरात आणि विक्रीचे कार्यालय वाशीला आहे. तिन्ही ठिकाणी मिळून सुमारे ४० संगणक आहेत आणि त्यांची जबाबदारी माझ्या एकट्याकडे आहे. आजवर हिशेब टॅलीत, साठ्याची नोंद एक्सेलमध्ये आणि उरलेले व्हॉट्सअ‍ॅपवर असा कारभार चालला. आता मालकांना एप्रिलच्या मध्यावर कॅनिंगचा आंबा येऊ लागण्यापूर्वी सर्व काही क्लाउडवरील (म्हणजे पुरवठादाराच्या सर्व्हरवर चालणाऱ्या, इंटरनेटवरून वापरायच्या) एकाच ईआरपी प्रणालीत, म्हणजे हिशेब, साठा, विक्री एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, न्यायचे आहे.

माझ्या अडचणी दोन. डबे निर्जंतुक करणाऱ्या रिटॉर्टचा संगणक विंडोज ७ वर चालतो, आणि त्याचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालणार नाही असे यंत्र पुरवणारे सांगतात. शिवाय ईआरपी बसवणाऱ्यांना आमच्या सर्व्हरवर चोवीस तास रिमोट (दुरून, इंटरनेटवरून) प्रवेश हवा आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १ (चिपळूण)

क्लाउडला घाबरू नका, हे प्रथम सांगतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमचा तळमजल्यावरील सर्व्हर पाण्याखाली गेला, आणि ज्या हार्ड डिस्कवर आम्ही दररोज इमानेइतबारे बॅकअप घेत होतो ती त्याच खोलीतील कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. तेव्हापासून एक प्रत कार्यालयात, एक क्लाउडवर आणि एक संगणकाला न जोडलेली, डोंगरावरच्या गोदामात, अशी आमची व्यवस्था आहे. दर तिमाहीला त्यातील एखादी प्रत उघडून त्यावरून खरोखर कालचा हिशेब उभा राहतो का, हे पाहतो. पहिल्याच तपासणीत दोन प्रती रिकाम्या निघाल्या होत्या.

मात्र क्लाउडवर गेल्याने जबाबदारीही तिकडे गेली, असे मालकांना वाटू देऊ नका. यंत्रणा चालू ठेवणे पुरवठादाराचे काम असले, तरी कोणाला कोणती नोंद दिसावी आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते कधी बंद व्हावे, हे आपणच ठरवायचे असते. म्हणून सुरुवात यादीपासून करा: कोणते संगणक, कोणती सॉफ्टवेअर, कोणाची खाती. हे कंटाळवाणे काम आहे, पण ते टाळून केलेले स्थलांतर म्हणजे जुना पसारा नव्या घरात नेऊन टाकणे होय.

उत्तर २ (उरण)

रिटॉर्टच्या संगणकाविषयी लिहितो, कारण खरा धोका तेथे आहे. विंडोज ७ चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे, १४ जानेवारी २०२० रोजी संपला. यंत्र बदलणे शक्य नसेल, तर तो संगणक वेगळ्या नेटवर्कवर ठेवा, त्याचे इंटरनेट तोडा आणि त्याला कोणाचाही पेन ड्राइव्ह लावू देऊ नका.

जून २०१७ मध्ये संगणकांतील माहिती निकामी करणारा नॉटपेट्या हा व्हायरस आला तेव्हा आमच्या शेजारच्या न्हावा शेवा बंदरातील मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलचे काम अडले होते. त्याचा शिरकाव युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाला होता, म्हणजे विश्वासातल्या पुरवठादाराच्या दारातून. ज्या त्रुटीचा त्याने फायदा घेतला तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. परंतु तो संगणकाच्या स्मृतीतून अ‍ॅडमिनचे पासवर्डही चोरत असल्यामुळे दुरुस्ती केलेले संगणकही सुटले नाहीत. आपल्याकडे सर्व संगणकांना अ‍ॅडमिनचा एकच पासवर्ड असेल, तर तो आजच बदला. खाती सांभाळणाऱ्या मर्स्कच्या सर्व्हरच्या सगळ्या प्रती एकमेकींशी जोडलेल्या असल्याने नष्ट झाल्या. घानामधील एक तेवढी वाचली, कारण त्या वेळी तेथे वीज गेली होती. (वीज जाण्याचा असा उपयोग महावितरणलाही सुचला नसेल.)

यावरून चोवीस तास रिमोटच्या मागणीचे उत्तर मिळते. प्रवेश द्यावा, पण कामापुरता, प्रत्येक माणसाच्या स्वतंत्र खात्याने, दुहेरी पडताळणीसह आणि आपण उघडल्यावरच. पुरवठादार कुरकुर करतील. ही अट करारात लिहून घ्या.

उत्तर ३ (सावंतवाडी)

वरील दोघांशी सहमत आहे, परंतु हंगामाआधी सर्व हलवण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. आंबा थांबत नाही. आता फक्त वाशीची विक्री हलवा. कारखाना आणि साठा पावसाळ्यात न्या, आणि तोवर जुनी पद्धत समांतर चालू ठेवा. एक कायदेशीर बाबही लक्षात असू द्या: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि लॉग (संगणक यंत्रणेत काय घडले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. रात्री दोन वाजता हे कोण कळवणार, ते आधीच ठरवून ठेवा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. काल यादी सुरू केली आणि नोकरी सोडून गेलेल्या ९ जणांची चालू खाती सापडली. त्यांपैकी एकाचे निधन होऊन तीन वर्षे झाली आहेत, आणि त्याच खात्यावरून मागील आठवड्यापर्यंत बिले निघत होती. मालकांना तो कागद दाखवला. स्थलांतर जूनवर गेले आहे.