मदत हवी आहे: पहिल्याच यूएसपीएसए मॅचमध्ये डीक्यू (अपात्र) झाले. डावीकडे पळताना पिस्तुलाची नळी कशी आवरायची?

नमस्कार. मी डॅलसजवळ राहते, मूळची कोल्हापूरची. इथे कोणी ॲक्शन पिस्तूल खेळत असेल तर कृपया सविस्तर सांगा, मी खरंच अडले आहे.

कॉलेजात तीन वर्षं १० मीटर एअर पिस्तूल केलं. एक हात खिशात, दुसऱ्या हातात पिस्तूल, आणि पाय एकदा रोवले की हलवायचे नाहीत. पायाचा अंगठा जरी हलला तरी सर मागून हाक मारायचे. पुढे नोकरी, लग्न, अमेरिका, यात सगळं सुटलं. २०१३ मध्ये आपल्या राही सरनोबतने दक्षिण कोरियातल्या चांगवॉनच्या वर्ल्ड कपमध्ये २५ मीटर पिस्तुलाचं सोनं जिंकलं, त्या रात्री मला झोप लागली नव्हती. तेव्हापासून परत सुरू करायचं मनात होतं. ग्रीन कार्ड हातात आल्यावर ग्लॉक १९ हे ९ एमएमचं पिस्तूल घेतलं, सेफ्टीचा कोर्स केला आणि वर्षभर रेंजवर नियमित जाते आहे. दहा यार्डांवरून ग्रुप मुठीएवढा येतो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आयपीएससी ही या खेळाची जागतिक संघटना १९७६ मध्ये मिझुरीतल्या कोलंबिया गावी सुरू झाली, यूएसपीएसए ही त्याची अमेरिकेतली शाखा. इथे एका जागी उभं राहून नेम धरत नाहीत. भिंती, खिडक्या, पिंपं मांडलेली असतात, त्यातून पळत कागदी आणि लोखंडी टार्गेटं मारायची. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद, हा तुमचा हिट फॅक्टर.

आता झालं काय ते सांगते. तिसरी स्टेज, म्हणजे मॅचमधला तिसरा टप्पा. सुरुवात उजव्या कोपऱ्यातून, पहिल्या खिडकीतून आठ गोळ्या, मग डावीकडे सात-आठ पावलं पळत दुसऱ्या खिडकीशी. जाता जाता मॅगझिन (गोळ्यांची पेटी) बदलायचं, असं मी आधी फिरून ठरवलं होतं. सुरुवातीचा बीप झाला, आठ गोळ्या गेल्या, पळाले, जुनं मॅगझिन पाडलं, नवं काढायला डावा हात पट्ट्याकडे गेला आणि रेंज ऑफिसर ओरडले, "स्टॉप!" मी ट्रिगरवरून बोट बाहेर घेऊन तशीच थांबले. त्यांनी शांतपणे पिस्तूल रिकामं करून घेतलं आणि सांगितलं की नळी १८० च्या पलीकडे गेली, म्हणजे समोरच्या बांधाला समांतर अशी जी रेषा माझ्यातून दोन्ही बाजूंना जाते, तिच्या मागे.

माझा मुलगा मागून व्हिडिओ घेत होता. घरी एकेक फ्रेम थांबवून पाहिला. अंग डावीकडे वळलं, तसं उजवं कोपरही अंगापासून सुटलं आणि नळी समोरचा मातीचा बांध सोडून डावीकडच्या पिंपांकडे गेली. जेमतेम अर्धा सेकंद. पण त्या पिंपांच्या मागच्या बाजूला माणसं बसली होती. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला. निर्णय शंभर टक्के बरोबर होता, त्याबद्दल तक्रार नाही. उरलेला दिवस मी थांबले, टार्गेटांच्या भोकांवर चिकटपट्ट्या लावल्या, लोखंडी प्लेटा उभ्या केल्या.

माझे प्रश्न:

नळी सरळ ठेवायची सवय घरी कशी लावायची? नुसतं "लक्ष ठेवा" म्हणून जमत नाहीये, कारण बीप झाला की लक्ष सगळं टार्गेटवर असतं.

दुसरं, माझा वेग. दुसऱ्या स्टेजवर बारा कागदी टार्गेटं होती, प्रत्येकी दोन गोळ्या. माझे २१ ए (टार्गेटचा मधला भाग) आणि ३ सी (त्याच्या बाहेरचा), म्हणजे १२० पैकी ११४ गुण, पण वेळ ५८ सेकंद. हिट फॅक्टर १.९७. आमच्या स्क्वाडमधल्या (गटातल्या) एकाचे १५ ए आणि ९ सी, गुण १०२ च, पण २४ सेकंदांत, म्हणजे ४.२५. माझा नेम त्याच्याहून चांगला आणि निकाल निम्म्याहून कमी. नेम सोडून द्यायचा का? मला ते पटत नाही.

तिसरं, सगळे रेड डॉट (पिस्तुलावरची लाल ठिपक्याची दुर्बीण) घ्या म्हणतात. खरंच घ्यावा का?

प्रतिसाद

ताई, मी फिनिक्सला असतो, सात वर्षं खेळतोय, बी क्लासमध्ये (मधल्या दर्जात) आहे. डीक्यू झाल्यावर तुम्ही थांबून पट्ट्या लावल्यात, हे त्या क्लबातल्या लोकांच्या नक्की लक्षात राहील.

आधी १८० बद्दल. उजव्या हाताने खेळणाऱ्याला डावीकडे पळत मॅगझिन बदलणं सगळ्यात धोक्याचं, कारण अंग जिकडे वळतं तिकडेच नळीही निघते. उजवीकडे पळताना हा त्रास फारसा होत नाही. म्हणून सध्या डावीकडे जायचं असेल तर खिडकी सोडायच्या आधी, उभ्या उभ्या मॅगझिन बदला. दोन सेकंद जातील, जाऊ देत.

घरची सवय अशी लावा. गोळ्या दुसऱ्या खोलीत, दार बंद. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासा. प्लॅस्टिकचं निळं डमी पिस्तूल मिळालं तर सुरुवात त्यानेच करा. ज्या भिंतीपलीकडे कोणी नाही तिच्यावर डोळ्यांच्या उंचीला रंगीत पट्टी आडवी चिकटवा. तो तुमचा बांध. आता भिंतीला समांतर डावीकडे चाला, पळू नका. कंबर आणि पाय डावीकडे, पण पिस्तूल चेहऱ्यासमोर, उजवं कोपर बरगडीला टेकलेलं, मनगट थोडं उजवीकडे मोडलेलं, नळी पट्टीवर. बोट फ्रेमवर. हे अवघडल्यासारखं वाटतं आणि तसंच वाटलं पाहिजे. वीस वेळा चाललात की थांबा, दमल्यावर केलेला सराव चुकीचीच सवय लावतो.

वेगाबद्दल: नेम अजिबात सोडू नका, पण आकडे मांडून बघा. तुमची ९ एमएमची गोळी मायनरमध्ये, म्हणजे कमी ताकदीच्या गटात धरतात, तिथे ए ला ५, सी ला ३, अगदी कडेच्या डी ला १. तुमचा हिट फॅक्टर २ च्या आसपास आहे, म्हणजे तुमचा एक सेकंद दोन गुणांचा. सी चा ए करायला एका सेकंदाहून जास्त वेळ घेतलात तर तोटाच. पण गोळी हुकली तर ते ५ गुण जातात आणि वर १० दंड, म्हणजे १५ गुण, तुमचे साडेसात सेकंद. तेव्हा हुकलेली गोळी परवडत नाही, सी परवडतो. एअर पिस्तुलातून आलेल्या माणसाला हे मनातून मान्य करायला वेळ लागतो, मलाही लागला.

शिवाय तुमचे ५८ सेकंद नेम धरण्यात गेलेले नसणार. व्हिडिओ परत लावा आणि पहिली गोळी सुटेपर्यंत किती, दोन टार्गेटांच्या मध्ये किती, नुसतं चालण्यात किती, हे कागदावर लिहा. बहुतेक वेळ तिथे सापडेल.

डॉट सध्या नको. आधी कडक पट्टा, घट्ट होल्स्टर, एकूण पाच मॅगझिनं आणि उरलेले पैसे गोळ्यांवर. आणि जवळपास स्टील चॅलेंज (नुसत्या लोखंडी टार्गेटांची स्पर्धा) होत असेल तर दोन-तीन वेळा खेळून या. एका स्टेजचा अपवाद सोडला तर पळायचं नसतं, पाच लोखंडी टार्गेटं, आणि .२२ चं लहान गोळीचं पिस्तूल घेतलं तर होल्स्टरही लागत नाही. बीपची भीती तिथे मोडते.

एच-१बी वर असलेल्या वाचकांसाठी: नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक आणि गोळ्या बाळगायला इथल्या केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. चालू हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद. वकिलाला विचारल्याशिवाय मित्राचं पिस्तूलसुद्धा हातात घेऊ नका.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. व्हिडिओ मोजला. ५८ पैकी १९ सेकंद मी नुसती चालत होते, आणि प्रत्येक टार्गेटवर दुसरी गोळी मारल्यावर पिस्तूल तसंच धरून भोक बघत उभी होते. ती जुनी शिस्त, शॉटनंतर हात न हलवण्याची.

बोळातल्या भिंतीवर लाल पट्टी लावली. पहिल्या दिवशी वीसपैकी सहा वेळा नळी पट्टीवरून घसरली, काल दोनदा. दोन्ही वेळा मॅगझिन पट्ट्यावरच्या पाउचमध्ये (खिशात) अडकलं आणि मी खाली बघितलं तेव्हा. पाउच कमरेवर नक्की कुठे लावता? माझा पहिला पाउच डाव्या कुशीवर आहे, तो पुढे बकलाकडे आणला तर वाकल्यावर टोचतो. बायकांच्या कमरेला बसणारी मांडणी कोणी केली असेल तर सांगा, पुढची मॅच तीन आठवड्यांवर आहे.