मदत हवी आहे : घर आणि कार्यालय एकाच इमारतीत असताना उंदरांचा बंदोबस्त कोणत्या क्रमाने करावा?

तळमजल्यावर आमचे हिशेबाचे छोटे कार्यालय आहे आणि वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. गेले दोन महिने दोन्हीकडे उंदरांनी उच्छाद मांडला आहे. परवा फायलींच्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण उघडला, तर आत कागदाच्या बारीक कपट्यांचे नारळाएवढे घरटे होते आणि त्यात माझ्याच खुर्चीच्या गादीतला कापूस नीट पिंजून भरलेला होता. फायलींपेक्षाही जास्त धास्ती मला संगणकामागच्या वायरीची वाटते, कारण तिचे आवरण बोटभर सोलले गेले असून आतली तांब्याची तार उघडी पडली आहे.

लेंड्या मोजपट्टीवर ठेवून पाहिल्या, तर त्या जेमतेम 5 मिलिमीटर लांब आणि टोकाला निमुळत्या आहेत. त्यावरून हे मोठे उंदीर किंवा घुशी नसून घरातले लहान उंदीरच असावेत, असे मला वाटते.

आजवर केलेले उपाय असे. आवाजाने उंदीर पळवणारे यंत्र लावल्यावर दोन रात्री शांततेत गेल्या आणि तिसऱ्या रात्री त्याच यंत्राच्या मागे लेंड्या सापडल्या. चिकट पुठ्ठ्यावर एक उंदीर अडकला खरा, पण तो रात्रभर जिवंत तडफडत राहिला. तो प्रकार मी पुन्हा करणार नाही. खोलीच्या मधोमध ठेवलेल्या पिंजऱ्याकडे एकही फिरकला नाही.

आता सहकाऱ्यांचा आग्रह विषारी औषधाचा आहे. घरात दीड वर्षाची मुलगी आणि मांजर असल्यामुळे माझे मन त्याला तयार होत नाही. ब्रोमाडायोलोनसारख्या औषधाने रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते, पण उंदीर मरायला काही दिवस जातात, आणि तोवर तो मांजराच्या तोंडी लागला तर विष मांजराच्याही पोटात जाऊ शकते. झिंक फॉस्फाइडचा पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन विषारी वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. तरीही, घरात नको पण निदान कार्यालयात औषध ठेवावे का? आधी फटी बुजवाव्यात की आधी उंदीर पकडावेत? सापळे किती आणि कुठे लावावेत? आणि लेंड्यांनी घाण झालेल्या फायली कशा साफ कराव्यात?

प्रतिसाद :

गोदामांच्या देखभालीचे काम मी बरीच वर्षे करतो, त्या अनुभवावरून लिहितो. आपल्या बाबतीत औषध कार्यालयातही नको, कारण खाली औषध खाल्लेला उंदीर वरच्या मजल्यावर किंवा भिंतीच्या पोकळीत येऊन मरू शकतो.

आधी बाहेरच्या भिंतीतल्या वाटा बंद कराव्यात आणि त्याच दिवशी आत सापळे लावावेत. जुने पकडत असताना नवे आत येत राहिले, तर हे काम कधीच संपत नाही. मादी साधारण तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी पाच-सहा पिल्ले सहज होतात. 6 मिलिमीटरची फट लहान उंदराला पुरते, म्हणजे पेन्सिल जिथे शिरते ती प्रत्येक जागा संशयित मानावी. नुसता फोम भरला तर तो कुरतडून उंदीर पुन्हा वाट काढतात. भोकात भांडी घासायची तारेची घासणी घट्ट कोंबून वर सिमेंट लावावे आणि दाराखाली धातूची पट्टी ठोकावी.

आपला पिंजरा रिकामा राहिला, याचे कारण त्याची जागा. उंदीर मिशा भिंतीला लावून कडेकडेने चालतो, त्यामुळे चापाचा सापळा भिंतीशी काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीला टेकवून ठेवावा आणि दर दोन-तीन मीटरवर एक लावावा. महिनाभर एक सापळा ठेवण्यापेक्षा एका रात्रीत बारा लावलेले कितीतरी बरे. आपल्या उंदरांना कापसाची ओढ दिसते, तेव्हा चापाला थोडा कापूस घट्ट बांधून पाहा. मोठे उंदीर नव्या वस्तूला बिचकतात म्हणून त्यांच्यासाठी सापळे आधी काही दिवस न ताणता ठेवावे लागतात. लहान उंदीर चौकस असल्यामुळे आपल्याला थांबण्याची गरज नाही. मुलगी आणि मांजर जिथे पोहोचतील तिथे मात्र सापळा बंद पेटीतच असावा.

लेंड्या कोरड्या कधीही झाडू नयेत, कारण त्या धुळीतून रोगजंतू श्वासात जाऊ शकतात. खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवाव्यात, हातमोजे घालावेत, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांचे मिश्रण शिंपडून पाच मिनिटांनी सगळे ओले असतानाच पुसून घ्यावे. फायलींवर ते शिंपडता येणार नाही. त्या काही तास कडक उन्हात ठेवून मग जंतुनाशकात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसाव्यात. सोललेली वायर आजच बदला, तोवर तिचा वीजपुरवठा बंद ठेवा.

धागाकर्ता :

मनापासून आभार. वायर बदलली. काल रात्री टॉर्च घेऊन बाहेरची भिंत तपासली, तेव्हा वातानुकूलन यंत्राच्या नळीभोवती करंगळी जाईल एवढे भोक सापडले आणि त्याच्या कडेला उंदरांच्या अंगाचा काळपट, तेलकट डाग होता. ते आज बुजवले आणि खाली दहा सापळे लावले. खोट्या छताच्या आत मात्र रोज चढून पाहणे मला शक्य नाही. तिथे सापळा लावावा, की उंदीर खाली उतरतात त्या जागीच लावलेला पुरेल?